सुट्टी जाहीर झाली. पण मुलांना शिकवलं काय?

राज्याचा शालेय अभ्यासक्रम, शाळांचं वेळापत्रक आणि पावसाळी सुट्ट्या ठरवणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

महोदय,

गेल्या आठवड्यात रायगड जिल्ह्याला पुन्हा रेड अलर्ट आला आणि रात्री उशिरा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचा मेसेज पडला: उद्या सर्व शाळांना सुट्टी. सुट्टी दिल्याबद्दल माझी तक्रार नाही. वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलेलं असताना कुणाचंच लेकरू दप्तर घेऊन बाहेर पडू नये. पण त्या मेसेजखाली आणखी दोन ओळी असायला हव्या होत्या आणि त्या कधीच नसतात. सुट्टी मिळालेलं मूल दिवसभर घरात राहणार. ते घर डोंगराच्या पायथ्याला असेल तर त्या दिवशी कशाकडे लक्ष ठेवायचं, घर कधी सोडायचं आणि सोडून कुठे जायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

हवामान खात्याच्या रंगांचे अर्थ ठरलेले आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. शाळांच्या बाबतीत कृती म्हणजे सुट्टी, एवढंच तुम्ही ठरवून टाकलं आहे. शाळा बंद झाली की शाळेची जबाबदारी संपते, मुलाचा धोका मात्र संपत नाही. आमच्या वाडीवर तर गावातली सगळ्यात पक्की इमारत शाळेचीच आहे.

मी महाड तालुक्यातल्या डोंगराखालच्या एका गावात राहते. माझी दोन्ही मुलं गावातल्या शाळेत आहेत आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. माझं माहेरही याच तालुक्यातलं. २५ आणि २६ जुलै २००५ ला जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले तेव्हा मी दहावीत होते. २२ जुलै २०२१ ला याच तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. ८०हून अधिक माणसं त्या एका दिवसात गेली. त्याच दिवशी महाड आणि चिपळूण पाण्याखाली होतं आणि रस्ते तुटल्यामुळे मदतपथकं तळियेत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच्या आधी आंबेगाव तालुक्यातलं माळीण, ३० जुलै २०१४. तिथे दीडशेच्या वर माणसं गाडली गेली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते तिथे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. नंतर खालापूरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला गेला. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. घरी परतली तेव्हा घर नव्हतं, आईबाप नव्हते.

तारखा पाहा. चारही वेळा जुलै. आता अभ्यासक्रम पाहा. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा दहावा धडा आहे, पुस्तकातला शेवटचा. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो आणि मध्यावर शाळा उघडते. शेवटच्या धड्यापर्यंत गाडी पोहोचते डिसेंबर-जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या घाईत. तेव्हा डोंगर कोरडा असतो आणि मुलं व्याख्या पाठ करत असतात. प्रश्न येतो तीन गुणांचा: आपत्तीचे प्रकार लिहा. उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या घरामागच्या उतारावर गेल्या पावसात पडलेली भेग त्या उत्तरात कुठेच नसते.

ही माझी पहिली तक्रार आणि सगळ्यात मोठी. शिक्षण चुकीच्या महिन्यात येतं, चुकीच्या इयत्तेत येतं आणि मुलाच्या गावाबद्दल काहीच बोलत नाही. दरड फक्त दहावीच्या मुलांवर येत नाही. तिसरी-चौथीतल्या मुलाला भागाकार शिकवता येतो, तर डोंगर काय सांगतो तेही शिकवता येतं.

शिकवायचं काय, असं कुणी विचारेल म्हणून लिहिते. सह्याद्रीच्या उतारांवर खाली कातळ असतो आणि वर कुजलेल्या दगडाचा, मातीचा थर. दिवसेंदिवस पाऊस लागला की तो थर पाणी पिऊन जड होतो, पाणी कातळावर अडतं आणि वरचा थर कातळावरून सुटतो. रस्त्यासाठी, घरासाठी पायथा खणलेला असेल तर त्याला खालून आधारही उरत नाही. बहुतेकदा सुटण्याआधी डोंगर खुणा देतो. जमिनीला नवी भेग पडते, असलेली रुंदावते. झाडं आणि विजेचे खांब कलतात. दारं-खिडक्या एकाएकी अडकायला लागतात. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे झरा फुटतो, किंवा वाहता वहाळ भर पावसात अचानक गढूळ होतो, नाहीतर आटतो. आटला म्हणजे वर कुठेतरी माती अडली आहे. आणि दरड आलीच तर वहाळाच्या वाटेने खाली पळायचं नाही, कारण चिखल-दगड त्याच वाटेने येतात आणि माणसापेक्षा वेगाने येतात. बाजूला, आडवं पळायचं. एवढंच आहे. एका दुपारी शिकवून होतं. गावातल्या म्हाताऱ्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे, त्यांना कुणी शाळेत बोलावून विचारलेलं नाही. भर पावसात वहाळावर पहिली नजर जाते ती पोरांचीच. पाहिलेलं सांगायचं असतं आणि कुणाला सांगायचं, हे त्यांना शिकवायला हवं.

दुसरी तक्रार सरावाची. आमच्या शाळेत तो होतो. गेल्या वर्षी झाला तेव्हा मी हजर होते. मुलांना मैदानात रांगेत उभं केलं. मोबाइलवरचा सायरन माइकला लावला. सतरंजीचा स्ट्रेचर करून चार मुलांनी पाचव्याला उचललं. बॅनर वाकडा आला म्हणून पाचव्याला पुन्हा खाली झोपवून पुन्हा उचललं, कारण फोटो दुपारच्या आत वर पाठवायचे होते. मग सगळी वर्गात गेली. माझी मुलगी सहावीत आहे. घरी येऊन तिने विचारलं, “आई, खरंच दरड आली तर आम्ही मैदानातच यायचं का? तिथे तर वहाळ येतो.” ती बरोबर बोलत होती. मैदानाच्या वरच्या अंगाने वहाळ उतरतो आणि जमायची जागा म्हणून नेमकं तेच मैदान ठरवलेलं आहे. समितीच्या बैठकीत मी हे मांडलं. मुलांना घेऊन एकदा वरपर्यंत चढू, कुठली जागा उंच आणि बाजूला आहे ते मुलांनाच पाहू दे, असं म्हटलं. उत्तर मिळालं, “वरून तसा आदेश नाही.” मी शिक्षकांना दोष देत नाही. दोन शिक्षक आणि सगळे वर्ग अशी शाळा असते, त्यातला एक अर्धा वेळ ऑनलाइन माहिती भरत असतो. ज्यांनी फोटो मागितला आणि जागा बरोबर आहे का ते विचारलं नाही, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

तिसरी तक्रार कागदाची. शाळेची आपत्ती व्यवस्थापन योजना मी मागून घेतली आणि वाचली. तिच्यात समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी सूचना आहेत. समुद्र आमच्यापासून लांब आहे आणि दरड या शब्दावर अर्धं पान नाही. दुसरीकडची योजना उतरवून घेतली आहे, वर फक्त शाळेचं नाव बदललं आहे. भूकंपाच्या प्रकरणात लिहिलं आहे: ‘बाकाखाली आश्रय घ्या.’ आमच्या शाळेत चौथीपर्यंत बाक नाहीत, मुलं बस्करपट्टीवर बसतात. मग त्यांनी काय करायचं? खिडकी आणि कपाटापासून दूर सरकायचं, दप्तर डोक्यावर धरायचं, धक्के थांबेपर्यंत खाली वाकून राहायचं. हे कुणी लिहिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्याने तो वर्ग पाहिलेला नाही. पाटण तालुक्यात, जिथे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला आणि आजही अधूनमधून जमीन हलते, तिथल्या मुलाला भूकंपाचा सराव वर्षातून अनेकदा हवा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास आला. गणेश विसर्जन करून लोक झोपले होते आणि दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर पडल्या. त्या भागातल्या मुलाला आधी शिकवायला हवं की कसल्या भिंतीखाली झोपू नये. सांगली-कोल्हापूरच्या मुलाला पुराच्या पाण्यात पाय कधी घालू नये आणि होडीत किती माणसं बसावीत हे कळायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ती पुरातून बाहेर पडतानाच. मराठवाडा-विदर्भात शेतात काम करणाऱ्या, गुरं राखणाऱ्या पोरांवर वीज पडते. झाडाखाली थांबायचं नाही, उघड्यावर आडवं पडायचं नाही, गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं, हे जूनच्या आधी त्यांच्या कानावर पडायला हवं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप केलेलं आहे. किती शाळांनी ते पालकांच्या फोनवर उतरवून दिलं? एकच योजना सगळ्या राज्याला पुरणार नाही.

हे नवं काहीच नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुलं जळाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशातल्या शाळांच्या सुरक्षेबाबत आदेश दिले. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शालेय सुरक्षेवरची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ पासून आहेत. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आणला, त्याच्या उपक्रमांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापनाचं नाव आहे. बिहार तर ‘सुरक्षित शनिवार’ म्हणून दर आठवड्याला मुलांना याच गोष्टी शिकवतो. यादीत नाव असणं आणि शनिवारी सकाळी मुलांनी गावाच्या उतारावर चालून येणं, यातलं अंतर तुम्हीच कमी करू शकता.

आता एक उदाहरण जपानचं देते, कारण तिथे एकाच दिवशी दोन्ही गोष्टी घडल्या. ११ मार्च २०११ ला मोठा भूकंप झाला आणि त्सुनामी आली. कामाइशी शहरातल्या शाळांमध्ये मुलांना आधी अनेक वर्षं शिकवलं होतं की नकाशावरच्या रेषेवर विसंबू नका, जमेल तितकं उंच जा आणि आधी तुम्ही पळा, तुम्हाला पाहून इतर पळतील. उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेची मुलं धावत सुटली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली लहानगी निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर तिथला उतार ढासळलेला दिसला, तेव्हा ती आणखी वर गेली. त्या शहरातली शाळेत असलेली जवळजवळ तीन हजार मुलं वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलं मैदानावर जवळपास ५० मिनिटं थांबून राहिली. शाळेच्या मागेच टेकडी होती. शाळेच्या योजनेत जायची जागा म्हणून ‘जवळची मोकळी जागा, उद्यान वगैरे’ एवढंच लिहिलेलं होतं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले आणि शाळेची व शिक्षण मंडळाची पूर्वतयारी अपुरी होती असा निकाल मिळाला. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

‘जवळची मोकळी जागा.’ आमच्या शाळेच्या योजनेत हेच शब्द आहेत.

चौथी तक्रार थोडक्यात. पूर आला की शाळा निवारा केंद्र होते, पण तिथे पाणी, दिवा, मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह आधीपासून आहे का, हे कुणी पाहत नाही. दिव्यांग मुलांना कोण उचलणार, याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. आश्रमशाळांच्या वसतिगृहात रात्री सराव कधी झाला, हेही विचारून पाहा.

काही अधिकारी म्हणतात, एवढ्या लहान मुलांना हे शिकवलं तर ती घाबरतील. महोदय, ती घाबरलेलीच आहेत. रात्री पाऊस वाढला की माझा चौथीतला मुलगा चपला उशाशी घेऊन झोपतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही, तळियेबद्दल मोठ्यांचं बोलणं ऐकून त्याने हे स्वतःच ठरवलं. त्याच्या भीतीला काय करायचं ते ठाऊक नाही, म्हणून ती नुसती भीती राहिली आहे. कुठल्या वाटेने जायचं आणि कुठे थांबायचं हे त्याने दिवसाउजेडी दोनदा चालून पाहिलं असतं, तर तो तेवढ्या रात्री नीट झोपला असता.

आणि कुणी म्हणेल की दरडप्रवण गावांच्या याद्या केल्या आहेत, तिथे पाहू. इर्शाळवाडी अशा यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगितलं गेलं. म्हणून यादीची वाट न पाहता डोंगराळ तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत हे शिकवावं लागेल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक. प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा धोका एका पानावर स्वतः लिहावा. मुलं, शिक्षक, पोलीस पाटील, तलाठी आणि गावातल्या जुन्या माणसांनी मिळून, जागेवर चालून. त्यात उंच आणि बाजूची जागा नावानिशी असावी: अमक्याचा माळ, तमक्या देवळाचं पटांगण. ते पान वर्गाच्या भिंतीवर आणि प्रत्येक घरात लागावं. भूगर्भशास्त्र विभागाच्या माणसाने वर्षातून एकदा ते तपासावं.

दोन. आपत्तीचा धडा पुस्तकात कुठेही असो, तो शाळा उघडल्यापासून पहिल्या आठवड्यात, पहिलीपासून सगळ्या वर्गांना त्यांच्या वयाप्रमाणे शिकवावा. त्या आठवड्यात दुसरी कुठलीही माहिती शिक्षकांकडून मागू नये.

तीन. वर्षातून चार वेळा सराव व्हावा. त्यातला एक न सांगता, एक पावसात, आणि वसतिगृह असेल तिथे एक रात्री. फोटो मागू नका. किती मिनिटांत सगळी मुलं ठरल्या जागी पोहोचली आणि कोण मागे राहिलं, एवढं लिहून मागा.

चार. सुट्टीच्या मेसेजमध्ये त्या दिवसासाठीच्या सूचना असाव्यात, जिल्हावार वेगळ्या. सोबत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक. आमच्या शाळेतल्या किती मुलांना १०७७ ठाऊक आहे, ते मी विचारलं होतं. एकालाही नव्हता.

पाच. प्रत्येक शाळेत पर्जन्यमापक असावा आणि रोजचा आकडा मुलांनी फळ्यावर लिहावा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं. तालुक्याच्या ठिकाणी पडलेला पाऊस आणि आमच्या डोंगरावर पडलेला पाऊस यात फार फरक असतो. आमचा आकडा आमच्याच मुलांनी मोजला तर पोलीस पाटलांनाही तो उपयोगी पडेल.

सहा. प्रत्येक शाळेतल्या किमान दोन शिक्षकांना प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावं. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. तिच्या जवानांनी तळिये आणि इर्शाळवाडीत चिखल उपसला आहे. त्यांच्याकडून दोन दिवस समोरासमोर शिकलेलं शिक्षकाच्या लक्षात राहील, तेवढं ऑनलाइन व्हिडिओ पाहून राहणार नाही.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. पर्जन्यमापक बाटलीचाही करता येतो. लागेल तो शिक्षकांचा वेळ, आणि तो तुमच्या हातात आहे, कारण त्यांचा वेळ आज कुठे जातो ते तुम्हीच ठरवता.

आमच्या समितीने या सहा मागण्यांचा ठराव लिहिला आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मांडणार आहोत आणि तालुक्यातल्या इतर शाळांच्या समित्यांनाही पाठवणार आहोत. आदेशाची वाट न पाहता येत्या शनिवारी मुलांना घेऊन आम्ही पालक वरच्या माळापर्यंत चालत जाणार आहोत. तो रस्ता शाळेच्या योजनेत लिहिण्याची परवानगी मात्र तुमच्याकडूनच यावी लागेल. पुढच्या वर्षी शाळा उघडण्याआधी आम्हाला लेखी उत्तर हवं आहे: कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या नाहीत, आणि नसतील तर का.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य आणि दोन मुलांची आई
तालुका महाड, जिल्हा रायगड